टाकीतलं पाणी

पोचू मिस्त्रीला रंगाचा भारी राग. वडशाच्या स्टेशनामागे त्याचं टिनाचं शेड होतं, आणि त्या शेडात रंगाचा डबा कधी आला नाही. एखादा मालक कौतुकानं म्हणाला, "पोचूभाऊ, गाडीले नवा रंग मारून आणला बरं का," की मिस्त्री कपाळाला आठ्या घालून गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि विचारायचा, "काऊन मारला? काय झाकलं त्याच्याखाली?" मालक चिडायचा. पण निम्म्या वेळा रंगाखाली खरंच काहीतरी निघायचं, म्हणून चिडलेला मालक पुन्हा त्याच्याच दारात यायचा.

मी तेव्हा, म्हणजे सत्तावन-अठ्ठावन साली, देवाजी ठेकेदारांच्या बांबूच्या डेपोवर मुनशी होतो. डेपो धानोऱ्याच्या रस्त्यावर, एका लांब उताराच्या पायथ्याशी. जंगलातून बांबू भरून ट्रक उतरायचे, माझ्या फाटकापाशी थांबायचे, आणि मी कागद केला की वडशाला रेल्वेकडे जायचे. त्यामुळे गाड्या, ड्रायव्हर आणि पोचूभाऊ हे तिन्ही माझ्या नशिबी रोजचेच होते.

त्याचा संशय काही यंत्रांपुरता नव्हता. दवाखान्यातून औषध आणलं तर बाटली उजेडात धरून कंपाउंडरला म्हणायचा, "पहिले तू एक घोट घे." घरात रुखमाबाई वैतागलेली. मला एकदा म्हणाली, "लगन होऊन वीस वर्सं झाली, मुनशीजी. अजून पहिला घास मले खायला लावते, मंग जेवते." पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला चालत नसे. मी एकदा थट्टेनं विचारलं, "भाऊ, तुमचा या जगात कोणावर तरी विश्वास आहे का?" त्यानं ग्रीसनं काळे झालेले दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले. "याइच्यावर आहे," म्हणाला. 

देवाजींकडे आधी लढाईतून उरलेले खटारे होते. मग नव्या चालीचे चार ट्रक आले, हवेच्या ब्रेकचे. आमच्या भागाला हे नवीन होतं. इंजिनाला जोडलेला पंप हवा दाबून एका लोखंडी टाकीत भरतो, टाकी गाडीच्या पोटाखाली दोन पट्ट्यांनी टांगलेली, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला की ती हवा चाकांना आवळते. टाकीत हवा आहे तोवर ब्रेक आहे, हवा संपली की देवाचं नाव घ्यायचं. हवेबरोबर ओलही आत जाते आणि तिचं पाणी होऊन साचतं, म्हणून टाकीला एक छोटा कॉक असतो. रोज सकाळी तो उघडून पाणी काढून टाकायचं. एवढं मला पोचूभाऊनंच शिकवलं होतं.

त्या चारांतल्या एका ट्रकवर लालसू होता. धानोऱ्याच्या पलीकडे येरंडी नावाचं रानातलं गाव, तिथला गोंड पोरगा. आधी तो ट्रकवर बांबू चढवायचा, मग हाताखाली राहून शिकला आणि लायसन काढून आला. त्याच्या गावात स्टेअरिंग धरणारा तो पहिलाच. कमी बोलायचा. गाडी मात्र अशी आणायचा की माझ्या टेबलावरचा चहा हलत नसे.

पूस महिन्यातली गोष्ट. दुपारी मी फाटकाशी बसलो होतो आणि उतारावरून सारखा भोंगा ऐकू यायला लागला. वर पाहतो तर लालसूचा भरलेला ट्रक सुसाट खाली येतोय. रस्त्याच्या एका बाजूला बांबू बांधणाऱ्या बाया बसलेल्या, दुसऱ्या बाजूला बांबूची रचलेली थप्पी. त्यानं गाडी थप्पीत घातली. माझं फाटक गेलं, खोलीची एक भिंत गेली, चहाची किटली चपाती झाली. माणूस एकही मेला नाही. लालसूच्या गळ्याखालचं हाड मोडलं.

तासाभरात देवाजी आले. ड्रायव्हर, हमाल, बाया, सगळे जमले होते. लालसू खांदा धरून जमिनीवर बसला होता. म्हणाला, "चार येळा दाबला, चारी येळा ब्रेक लागला, मालक. पाचव्या येळेस टाकीत हवाच नाई."

देवाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोहाची पिऊन असन. रानातला माणूस, दुसरं काय?" मग माझ्याकडे वळले. "लिहा, मुनशी. ड्रायव्हरच्या तोंडाले दारूचा वास येत होता. आठ दिवसांनी गडचिरोलीची डाक जाते, तिच्यात टाका."

मी लिहिलं आणि खाली सही केली.

पोचूभाऊ पोचला तो संध्याकाळी. गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत लालसूला विचारलं, "रोज सकाळी कॉक खोलत होता का?"

"हाव, भाऊ. रोज खोलतो."

"पाणी किती निघत होतं?"

"पाणी नाई निघत. हवाच निघते."

मिस्त्री हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "हवेच्या टाकीतून पाणी नाई निघत? पंप काय उनात वाळवून हवा भरते का बे? कॉकले तू हातच लावला नाई. खोटं बोलून राह्यला हा, देवाजीभाऊ. पक्का खोटारडा आहे."

असा एका दिवसात लालसू दारुडाही झाला आणि खोटारडाही. तो उठला, कोणाकडे न पाहता वरच्या रस्त्याला लागला आणि गावी निघून गेला. कागद गडचिरोलीला पोचला की लायसन जाणार आणि मागून पोलीस येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर जरा जास्तच ठाऊक होतं, कारण कागद माझ्याच खणात होता.

ट्रकचं नाक ठोकून सरळ झालं, पण बांबू लागून टाकीचं एक टोक चेपलं होतं, ती बदलायलाच हवी होती. देवाजींनी पोचूभाऊला चांद्याला धाडलं आणि त्याच्यावर नजर ठेवायला मला. म्हणजे मालकाचा मिस्त्रीवर संशय, मिस्त्रीचा दुकानदारावर, आणि दुकानदार आम्हा दोघांकडे असा पाहत होता की जणू आम्ही टाकी धोतरात लपवून नेणार आहोत. भंगाराचं दुकान होतं, बिरजू नावाचा माणूस. त्यानं चार टाक्या काढून मांडल्या. त्यातली एक काळ्या रंगानं चकाकत होती.

"हे घ्या, मिस्त्री. एकदम नवी."

पोचूभाऊनं त्या टाकीला हातही लावला नाही, फक्त नखानं कोपरा खरवडला. रंगाखाली जोडाच्या भेगेत लांबी लिंपलेली निघाली. बिरजू म्हणाला, "कमाल आहे, मले माहीतच नवतं." मिस्त्री म्हणाला, "तुले माहीत होतं, म्हनून तर रंग मारला."

उरलेल्या तिन्हींची मग त्यानं जी तपासणी केली, तशी मुलीच्या बापानं जावयाची केली तर कोणाचं लग्नच व्हायचं नाही. सोबत सुतळी होती, जुन्या टाकीच्या लांबीला आणि घेराला गाठी मारलेली. "लहान बसवली तर हवा कमी, मोठी बसवली तर भराले उशीर, तोपर्यंत डायवर निघून जाते." एक टाकी सुतळीतच बाद झाली. दुसरीवर पान्याची मूठ आपटत टोकापासून टोकापर्यंत गेला. एके ठिकाणी आवाज बसका आला, तीही बाद. तिसरीच्या भोकात आरशानं ऊन पाडून आत पाहिलं, बोट घालून वास घेतला, आटे जुन्या नळीला बसतात का ते स्वतः फिरवून पाहिलं. टाकीवरची दाबाचा आकडा असलेली पट्टी मला दोनदा वाचायला लावली, आणि मी खरं वाचतोय का हे बिरजूला वेगळं विचारलं. माझा अपमान झाला, पण तिथं अपमान सगळ्यांचाच चालला होता.

एवढं करूनही परत आल्यावर त्यानं ती टाकी लगेच बसवली नाही. एका ट्रकच्या पंपानं तिच्यात हवा भरली, भोकं बंद केली आणि डेपोमागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, घेऊन गेला. दोन हमालांनी ती पाण्याखाली दाबून धरली आणि हा काठावर उकिडवा बसून बुडबुडा येतो का पाहत राहिला. गावातल्या म्हशी येऊन पाणी पिऊन गेल्या. पाऊण तासानं उठला. "सध्या तरी चांगली दिसून राह्यली," म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

मग जुनी टाकी काढायला घेतली. पट्टे सैल केले आणि टाकी हमालांच्या हातांतून निसटून धाडकन खाली आली. रिकामी टाकी एकटा माणूस उचलतो. ही दोघांना पेलेना. हलवली तर आत डबडब आवाज.

पोचूभाऊचे डोळे बारीक झाले. "पाहा, मुनशीजी. पोट्ट्यानं मागून पाणी भरून ठेवलं. आपल्याले फसवाले."

"अहो, तो त्याच दिवशी गावी गेला," मी म्हणालो. "मोडक्या हाडानं गाडीखाली कधी शिरला?"

त्यानं टाकी होती तशी, गाडीखाली होती त्याच बाजूनं, जमिनीवर ठेवली. कॉक वरच्या अंगाला होता. त्यानं तो उघडला. फुस्स करून उरलीसुरली हवा निघाली, पाण्याचा थेंब नाही. मग टाकी अर्धी फिरवली आणि कॉक खाली आला. गंजाचं लाल पाणी धो धो सुटलं. एक बादली भरली, दुसरी अर्धी झाली. निम्मी टाकी पाणीच होतं, मग हवा मावणार कुठं? चार वेळा पाय दाबला की खलास. जिथं पाणी साचलेलं होतं तिथं त्यानं खिळा टोचला, तो पापडातून जावा तसा पत्र्यातून आरपार गेला.

टाकी उलटी कोणी बसवली होती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या जंगलातले रस्ते बांबू तोडून काढलेले, आणि तोडलेल्या बांबूचे खुंट भाल्यासारखे वर राहतात. गाडी त्यावरून गेली की पोटाखालचा कॉक मोडायचा. गेल्या वर्षी असे दोन कॉक मोडले, तेव्हा पोचूभाऊनं शक्कल लढवली. चारही ट्रकांच्या टाक्या पट्ट्यात अर्ध्या फिरवून कॉक वर नेला. एकही कॉक पुन्हा मोडला नाही. देवाजींनी त्याची पाठ थोपटली होती. पाणी वर चढून बाहेर येत नाही, एवढी साधी गोष्ट शिकवणाऱ्याच्या लक्षात आली नाही आणि शिकणाऱ्यांनी विचारली नाही. लालसू खरं बोलत होता. रोज हवाच निघत होती.

पोचूभाऊनं त्या लाल चिखलात बोट घालून पाहिलं. मग उठला आणि उरलेले तिन्ही ट्रक जागेवर थांबवून त्यांच्या खाली शिरला. टाक्या फिरवल्या. तिन्हींतून पाणी निघालं. नव्या टाकीचा कॉक खाली घेतला, टाकीला त्या बाजूनं किंचित उतार दिला, पट्ट्याखाली चामडं घातलं आणि खुंटाचा मार बसू नये म्हणून कॉकच्या पुढे लोखंडाची जाड पट्टी वाकवून लावली. तास-दीड तासाचं काम. गेल्या वर्षीही तेवढाच वेळ लागला असता.

देवाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "झालं ना आता? गप बसा. लालसू गेला तो गेला, दुसरा ड्रायव्हर पाहू." मी लगेच मान हलवली. पोचूभाऊनं हलवली नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं बैलगाडी ठरवली, जुनी टाकी तिच्यात घातली आणि येरंडीला निघाला. तिथं हा काय कबूल करतो ते ऐकून यायला देवाजींनी मलाही चढवलं.

लालसूचं घर गावाच्या टोकाला होतं. खांद्याला झोळी बांधून तो अंगणात बसला होता. शेजारी त्याची आई सुकरी मोहाची पानं निवडत होती. तिला गोंडी येई, मराठी तुटकं. आम्हाला पाहून तिनं टोपली बाजूला सरकवली आणि मुलाच्या पुढे येऊन बसली.

पोचूभाऊ उभ्यानंच म्हणाला, "लालसू, चूक माही होती. तू खरा होता."

त्याला वाटलं असावं की एवढं म्हटलं की झालं. पण माय-लेकांचं आपसात बोलणं झालं आणि लालसू म्हणाला, "माय म्हनते, याइले मालकानं धाडलं. गोड बोलून गडचिरोलीले नेतीन अन पोलिसाच्या हाती देतीन. मले बी तसंच वाटते, भाऊ."

ज्यानं आयुष्यात कोणाचं एक वाक्य खरं मानलं नाही, त्याच्यासमोर कोणी त्याचं वाक्य खरं मानायला तयार नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानं टाकी उतरवली. खिळ्याचं भोक चिंधीनं बुजवलं, विहिरीवरून स्वतः दोन बादल्या पाणी आणून तिच्यात ओतलं, कॉक वर करून उघडला, मग टाकी फिरवून उघडला. अंगणात पाणी पसरलं. पोरंटोरं, म्हातारे, सगळं गाव कुंपणाशी उभं.

सुकरी उठली आणि वाकून कॉकच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग गोंडीत बरंच बोलली. लालसूनं सांगितलं, "माय म्हनते, समजलं. पण आमच्या गावात असं आहे, भाऊ. जेवढ्या लोकाइसमोर डाग लावला तेवढ्याइसमोरच काढा लागते. इथी येऊन सांगतलं तर चालत नाई. थेच लोक पाह्यजेत, थेच ठिकान पाह्यजे, अन जो जो बोलला त्याचं तोंड पाह्यजे."

"हाव, तसंच करतो," पोचूभाऊ म्हणाला. "सोमवारी या. मी सगळे जमवतो."

परतताना गाडीत तो एकदाच बोलला. म्हणाला, "मुनशीजी, मी बिरजूची टाकी तपासली, हमालाचे हात तपासले, त्या पोट्ट्याची जबान तपासली. माहं काम नाई तपासलं."  डाकेचा आठवा दिवस सोमवारीच होता आणि कागद अजून खणातच होता.

सोमवारी त्यानं खरंच सगळे जमवले. ड्रायव्हर, हमाल, बांधणीच्या बाया. देवाजी येत नव्हते, तर म्हणाला, "या नाईतर तुमच्या गाड्याइले आजपासून हात लावत नाई." ते आले. लालसू आला, आणि त्याच्याबरोबर पाच कोस चालून सुकरी. ती मोडक्या फाटकाजवळ खाली बसली.

पोचूभाऊ मधोमध उभा राहिला.  "टाकी मी उलटी बसवली. पाणी माह्या मूर्खपनानं साचलं. याले मी खोटारडा म्हनलं होतं. हा खरा, खोटा मी." त्यानं हात जोडले. बाया कुजबुजल्या. देवाजी घसा साफ करून म्हणाले, "बरं, पिऊन असन म्हनून मी बी घाईत बोललो. हाड जुळलं की कामावर ये. झालं का समाधान?" आणि जायला वळले.

लालसू जागचा हलला नाही. आईही बसून राहिली. लोक पांगायला लागले तेव्हा पोचूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. बिरजूच्या काळ्या टाकीकडे पाहिलं होतं तसंच.

"मुनशीजी," तो म्हणाला, "दारूचा वास येत होता म्हनून तुमी लिवलं. तुमी वास घेतला होता का?"

सगळे थांबले. लालसू त्या दिवशी माझ्यापासून दहा हात लांब बसला होता. मी त्याच्या जवळही गेलो नव्हतो. देवाजी माझ्याकडे रोखून पाहत होते आणि माझी नोकरी त्यांच्या हातात होती. खोटं सांगणं सोपं होतं. मिस्त्रीनं डोळे हलवले नाहीत.

मी खणातून कागद आणला. "नाही," म्हणालो. "मी वास घेतला नव्हता." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. मी कागद फाडला.

सुकरीनं लालसूला काहीतरी विचारलं. त्यानं खाली वाकून तिला सांगितलं. तिनं डोकं हलवलं, हातानं बायांकडे, ड्रायव्हरांकडे, देवाजींकडे दाखवलं आणि मला मराठीत म्हणाली, "ऐकू नाई आलं. पुन्ना बोल."

मी पुन्हा बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि गावाच्या वाटेला लागली.